झाडावरची बैठक

जमिनीपासून जेमतेम दोन हात वर, धुऱ्यावरच्या चिंचेच्या आडव्या फांदीला दोर बांधून मी त्यात बसले होते. यंदाच्या मार्चमधली दुपार. रिसोड तालुक्यातलं शेत, हरभरा निघून गेलेला, ढेकळं तापलेली. खाली मामा उकिडवे बसून माझ्याकडे एकटक बघत होते. पहिली पाच मिनिटं झोक्यावर बसल्यासारखी गेली. सातव्या-आठव्या मिनिटाला उजव्या मांडीच्या आतून पट्टा काचू लागला. दहाव्या मिनिटाला कंबरेची दोन्ही हाडं कुणी आवळून धरल्यासारखी वाटली. बाराव्याला पायांना मुंग्या आल्या, आणि मी उतरते म्हणाले.

"उतरू नको," मामा म्हणाले. "कुठी कुठी दुखते, थे सांग पयले."

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या गावात आईच्या माहेरचा प्रत्येक जण मामाच. चाळीसेक हंगाम त्यांनी चिंचा झोडल्या. उजवा खांदा थोडा उतरलेला आहे, तो एका हंगामाचा हिशेब. मी पुण्याहून आणलेली सॅडल, म्हणजे झाडावर दोराने लोंबकळून काम करताना बसायचा पट्ट्यांचा साज, त्यांनी सकाळी हातात घेऊन उलटीपालटी केली, शिवण नखाने खरवडून पाहिली आणि विचारलं, "हे घोड्याचं खोगीर हाय का मानसाचं?" तेव्हापासून आमच्याकडे तिचं नाव खोगीरच पडलं.

रिसोडला जुनी माणसं ऋषिवट म्हणतात. वडाचं नाव अंगावर वागवणारं हे गाव आज सोयाबीन आणि तुरीचं आहे. बाजार समितीत ऑक्टोबरात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते, आणि माणसं हंगाम मोजतात ते त्याच पिकाने. पण मेहकर, लोणार, सेनगाव, वाशीम, कुठल्याही रस्त्याने गावाबाहेर पडलं की धुऱ्यांवर, पांदणीच्या तोंडाशी, गढीच्या मागे चिंच उभी दिसते. रस्ते रुंद झाले तशी कडेची झाडं कमी झाली, तरी शेतातली उरली आहेत. चिंच मूळची आफ्रिकेतली म्हणतात, आणि अरबांनी तिला हिंदचा खजूर असं नाव दिलं. साठ-सत्तर फूट वाढते, शंभर वर्षं सहज जगते, आणि माघ-फाल्गुनात बोटकं वाळली की तिच्यावर कुणीतरी चढावंच लागतं.

ते कसं चढतात, हे लहानपणापासून पाहिलेलं असूनही मी कधी नीट पाहिलं नव्हतं. व्यापारी झाड उक्तं घेतो. चढणाऱ्याला कधी रोज मिळतो, कधी झाडामागे ठरलेले पैसे. तो अनवाणी चढतो, कंबरेला कोयता किंवा रिकामं पोतं. हाताशी लांब बांबूची आकडी. बेचक्यात एक पाय रोवायचा, दुसरा फांदीवर तिरपा, डाव्या हाताने वरची फांदी धरायची आणि उजव्याने आकडी हलवायची. खाली बाया ताडपत्री धरून वेचायला. घरी नेऊन चिंच फोडणं आणि चिंचोके वेगळे करणंही बायांचंच. वर पुरुष, खाली बाया ही वाटणी इतकी पक्की, की आमच्या घरात कुठल्याही मुलीला चढू नको असं सांगावंसुद्धा लागलं नाही.

"एक हात झाडाले, एक हात कामाले," मामांनी सगळी रीत एका वाक्यात सांगितली. जास्त उंच जायचं तर विहिरीचा नाडा कंबरेभोवती एक वेढा घालून फांदीला बांधायचा. त्यांच्याकडे सुरक्षेचं साधन म्हणून एवढंच होतं. पण कंबरेला नुसता दोर असेल तर घसरलेल्या माणसाला तो जमिनीपर्यंत जाऊ देत नाही, आणि पुढे जे करतो तेही भयंकर असतं. वेढा वर सरकून बरगड्यांखाली रुततो आणि श्वास कोंडतो. सह्याद्रीत कडे चढणाऱ्यांच्या आधीच्या पिढीनेही कंबरेला दोराची गाठ मारूनच सुरुवात केली होती. मांड्यांतून पट्टे घेणारा, बसता येणारा साज हाती आला तेव्हा त्यांनी ती गाठ सोडली. चिंचेखाली तो बदल अजून आलेला नाही.

बाजारात मिळत काहीच नाही असं नाही. वाशीम-अकोल्याकडे हार्डवेअरच्या दुकानांत बांधकामावरच्या मजुरांचे फुल बॉडी हार्नेस टांगलेले दिसतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे, आणि परांचीवर किंवा टॉवरवर काम करणाऱ्याला ते घालायलाच हवेत. पण त्यांची कडी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध असते. पडणाऱ्याला अडवणं हे तिचं काम. माणूस त्यात बसू शकत नाही, तो टांगला जातो. झाडावरचं काम उलटं आहे. तिथे माणूस तासन्‌तास दोरावर वजन टाकून, फिरून, वाकून काम करतो. त्याला जोडणी पुढे हवी, बेंबीच्या आसपास, आणि वजन पेलायला कंबर, मांड्या आणि बैठक हवी. युरोपात या दोन गरजांची मानकंही वेगळी केलेली आहेत: ईएन ३५८ दोराला टेकून काम करण्याच्या पट्ट्यासाठी, ईएन ८१३ बसण्याच्या साजासाठी. झाडावरची चांगली सॅडल घेताना तिच्या पट्टीवर हे दोन्ही आकडे छापलेले आहेत का, हे पहिल्यांदा बघावं. स्वस्तात मिळाला म्हणून टांगण्याचा साज बसायला वापरणं मला मान्य नाही.

मापाचं काम मी रिसोडला येईपर्यंत दोनदा चुकवलं होतं. पुण्यात पातळ ट्रॅकपँटवर माप घेतलं आणि शेतात जाड सुती पँट घालून चढायला गेले. पट्टा शेवटच्या टोकाला आला. माप घ्यायचं ते कामाच्या कपड्यांवर, आणि ज्या मापात पट्टा मधोमध बसतो ते घ्यायचं, म्हणजे उन्हाळ्यात आत आणि थंडीत बाहेर सरकायला जागा राहते. दुसरी चूक अशी, की दुकानात घालून, आरशात बघून, दोन पावलं चालून मी सॅडल पसंत केली. चालताना सगळ्याच सॅडल आरामशीर असतात. लोंबकळल्याशिवाय तिची परीक्षा होत नाही, म्हणून मामांनी मला दोन हात उंचीवर धरून ठेवलं होतं. जमिनीजवळ वीस मिनिटं बसता आलं नाही तर चाळीस फुटांवर तासभर बसता येणार नाही. आणि वर अवघडलेला माणूस चुका करतो. पाय बधीर झाला की तो चुकीच्या फांदीवर पडतो. काच सोसवेना झाली की माणूस दोन मिनिटांसाठी मांडीचा पट्टा सैल करतो. आरामाला आपण चैन समजतो. झाडावर त्याच आरामाच्या भरवशावर माणूस शुद्धीत आणि सावध राहतो.

मी दुखणी एकेक करून सांगितली. मामांनी कधी सॅडल वापरली नव्हती, पण बैलाच्या खांद्याला जू कुठे लागतं आणि का लागतं हे त्यांना आयुष्यभर ठाऊक होतं. त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

आधी कंबरपट्टा. माझा घसरून कुल्ल्यांवर आला होता. तो कंबरेच्या हाडांच्या वर बसायला हवा आणि इतका घट्ट, की आत सपाट तळहात जाईल, पण मूठ जाणार नाही. हाडांच्या खाली सैल राहिला, आणि माणूस उलटा झाला, तर तो साजातून निसटू शकतो. मग मांडीचे पट्टे. मी ते मांडीच्या मध्यावर आवळले होते, म्हणून आतली शीर दाबली जात होती. मामांनी ते वर, बैठकीच्या घडीपर्यंत सरकवायला लावले आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. उजवा पट्टा डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. मुंग्या उजव्या पायाला आधी का आल्या, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

राहिला कंबरेतला चिमटा. त्याला मला वहीत आकडे मांडावे लागले. सॅडलच्या दोन्ही बाजूंना कंबरेपाशी कड्या असतात, आणि त्यांच्यामध्ये पोटासमोरून एक आखूड दोर जातो. त्याला ब्रिज म्हणतात. वरून आलेला मुख्य दोर या ब्रिजला मधोमध जोडतात, म्हणजे माणूस लोंबकळला की ब्रिजचा उलटा व्ही होतो. ब्रिज आखूड असेल तर हा व्ही पसरट होतो. त्याचा कोन १२० अंशांचा झाला तर प्रत्येक बाजूच्या दोरावर आख्ख्या शरीराच्या वजनाइतका ताण येतो, आणि ६० किलोच्या माणसाची कंबर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ५२ किलोंच्या जोराने आत दाबली जाते. तोच ब्रिज लांब करून कोन ६० अंशांवर आणला की हा दाब १७ किलोंवर येतो, आधीच्या एक तृतीयांश. मी ब्रिजची गाठ वीतभर सरकवली, पुन्हा बसले, आणि चिमटा सुटला. शाळेत बलांचे त्रिकोण काढताना हे मला कुणी कंबरेवर दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं.

ब्रिज मनाला येईल तेवढा लांबही चालत नाही. फार लांब झाला की कॅराबिनर, म्हणजे मुख्य दोर ब्रिजला जोडणारी कडी, डोक्याच्या वर जातो, गाठीपर्यंत हात पोचत नाही, आणि अडचणीच्या वेळी तिथेच हात पोचायला हवा. दोर झाडाला किती उंचीवर बांधायचा, यालाही तसंच तारतम्य लागतं. उभं राहिल्यावर कपाळाच्या रेषेत बांधला की टेकून उभं राहणं आणि बसणं या दोन्ही गोष्टी जमतात. खाली बांधला तर माणूस मागे रेलतो आणि पाठ दुखते. जास्त वर बांधला तर सगळं वजन बैठकीवर येतं आणि पाय नुसते लोंबतात.

लोंबणाऱ्या पायांविषयी गिर्यारोहक आणि गुहांमध्ये उतरणारे लोक बजावून सांगतात. माणूस साजात निश्चल लोंबकळत राहिला की रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी परततं, आणि धडधाकट माणसाला काही मिनिटांतही भोवळ येऊ शकते. म्हणून दोराचा एक फास पायाखाली ठेवायचा आणि मधूनमधून त्यावर उभं राहायचं. पोटऱ्यांची हालचाल चालू ठेवायची. एकटं कधीच चढायचं नाही. खाली असा माणूस हवा, ज्याला वरच्याला खाली कसं आणायचं ते माहीत आहे. आमच्याकडे खाली माणसं असतात, पण ती चिंचा वेचायला.

सॅडलच्या आतली गादी मी मामांना दाखवली. मराठीत खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी भर. ज्याने हा शब्द रूढ केला, तो घोड्यावर फार वेळ बसलेला नसावा. सॅडलमध्ये ही भरती किती रुंद, किती कडक आणि कडेला कशी दुमडलेली आहे यावरच सगळं अवलंबून असतं. फार मऊ गादी दहा मिनिटांत चपटी होते आणि मग पट्ट्याची कडच अंगाला लागते. रुंद, थोडी ताठ आणि हवा खेळणारी गादी बरी. आपल्या मार्चच्या उन्हात घामाने भिजलेली जाड गादी मांड्या सोलून काढते. काही सॅडलमध्ये खाली लाकडी किंवा ताठ पट्टीची बैठक असते. एकाच जागी बसून फांदी कापणाऱ्याला ती सुखाची, पण सारखं फांद्यांवरून चालणाऱ्याच्या पायात येते. चिंच झोडणारा चालणारा आहे, त्याला मांडीचे सुटे पट्टेच योग्य.

नारळावर चढण्याची यंत्रं आपल्या कोकणात आता परिचयाची आहेत. केरळातल्या कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या नावाने ओळखलं जाणारं, खोडाला तारेचे फास घालून पाय टाकत वर जाणारं यंत्र नारळ विकास मंडळाच्या प्रशिक्षणांतून पसरलं. मंडळाने २०११ मध्ये केरळात 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हा उपक्रम सुरू केला, शिकलेल्यांना विम्याची जोड दिली, आणि त्यातून स्त्रियाही नारळावर चढू लागल्या. पाडेल्याच्या, म्हणजे नारळ पाडणाऱ्याच्या, कामाला त्यामुळे थोडी प्रतिष्ठा आली, ही मला मोठी गोष्ट वाटते. पण ते यंत्र सरळ, बिनफांद्यांच्या खोडासाठी आहे. चिंचेच्या पहिल्याच बेचक्यात त्याचं काम संपतं. आपल्या शेजारच्या तेलंगणात ताडी काढणाऱ्यांसाठी सरकारने २०२४ मध्ये 'काटमय्या रक्षा' नावाने सुरक्षा साहित्याचे संच वाटायला सुरुवात केली. ताडावर चढणारा माणूस सरकारच्या डोळ्यांना दिसला. चिंचेवर चढणारा कुठल्याच खात्याला दिसत नाही, कारण तो वर्षातले दीड-दोन महिनेच चढतो आणि उरलेलं वर्ष शेतमजूर असतो.

याचा हिशेब अपघातानंतर कळतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत, म्हणजे २०२३ पासूनच्या रूपात, उंचावरून पडून झालेला अपघात धरला आहे. मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण लाभ खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. झाड ज्याच्या सातबाऱ्यावर उभं आहे, त्याला हे संरक्षण आहे. त्या झाडावर जो चढतो, त्याच्या नावावर बहुतेकदा जमीनच नसते. योजना चांगली आहे, म्हणूनच तिची ही फट मला जास्त टोचते.

सॅडलवर बसून मला एक नाव सारखं आठवत होतं: नलिनी नाडकर्णी. आडनाव आपल्या ओळखीचं. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, मुलगी १९५४ ची, मेरीलँडमधल्या घरासमोरच्या मेपलच्या झाडांवर चढत वाढली. पुढे कोस्टा रिकाच्या मोंतेवेर्देच्या ढगांतल्या जंगलात गिर्यारोहकांचे दोर आणि साज वापरून ती उंच झाडांच्या माथ्यावर काम करू लागली. झाडं स्वतःच्याच फांद्यांवर साचलेल्या मातीत मुळं सोडतात, हे तिने १९८१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. खाली उभं राहून हे दिसलं नसतं. तासन्‌तास वर बसता आलं, फांदीवरचं शेवाळ हाताने उचलून बघता आलं, म्हणून ते दिसलं. २०१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात दोराच्या साधनांनी दगा दिला आणि ती सुमारे ५० फुटांवरून कोसळली. हाडं मोडली, जीव वाचला, आणि ती पुन्हा कामाला लागली. एवढ्या अनुभवी माणसालाही साधनाने दगा दिला, ही गोष्ट मी मामांना सांगितली. त्यांनी फक्त सॅडलची शिवण पुन्हा एकदा बोटांनी चाचपली.

ती चाचपणी रोजची असावी. चांगल्या साजात भार घेणारी शिवण वेगळ्या रंगाच्या धाग्याची असते, झिजली की दिसते. नायलॉन उन्हाने आतून कमजोर होतं आणि आम्लाने अधिक. आपल्याकडे या साजाला दोन मोठे धोके घरातच आहेत. फवारणीचा पंप आणि ट्रॅक्टरची बॅटरी ठेवतो त्याच खोलीत आपण दोर टाकतो, आणि सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उंदरं असतातच. कुरतडलेला, बॅटरीचं पाणी उडालेला पट्टा धुऊन पुन्हा वापरू नये, कापून टाकावा. नाहीतर कुणीतरी तो बैलाच्या गोठ्यातून उचलून झाडावर नेतो. कापडी साजाचं आयुष्य उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात, रोजच्या वापरात ते बरंच कमी. परदेशी सॅडल तीस-चाळीस हजारांपर्यंत जाते. एका मजुराने ती घ्यावी असं मी म्हणणार नाही. झाड उक्तं घेणाऱ्या व्यापाऱ्याने दोन ठेवाव्यात, वजनकाटा ठेवतो तशा. काट्याशिवाय तो कुणाच्या शेतात पाऊल टाकत नाही.

आणि सॅडल कितीही चांगली असली तरी दोर ज्या फांदीला बांधलाय तीच शेवटी वजन पेलते. इथे मी विद्यार्थिनी होते. चिंच चिवट, वाकते पण सहसा एकदम तुटत नाही. जांभूळ दगा देतं, शेवग्याचा तर विचारच करू नये. दोर फांदीच्या मधोमध नाही, बुंध्याजवळच्या बेचक्यात. फांदीवर टकटक करून आवाज ऐकायचा, पोकळ आला तर सोडून द्यायची. आग्या मोहोळ कुठे आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवायचं. विजेची तार जवळ असेल तर ते झाड नाहीच. हे सगळं कुठल्याही सॅडलच्या माहितीपत्रकात नाही आणि मामांच्या बोटांत आहे.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना सॅडल घालायला दिली. त्यांची कंबर इतकी बारीक की पट्टा शेवटच्या खुणेपर्यंत ओढावा लागला. मांडीचे पट्टे त्यांनी स्वतः सारखे केले, दोनदा उठबस करून पाहिली, ब्रिज माझ्यापेक्षाही बोटभर लांब ठेवला. पंचवीस मिनिटं जमिनीजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत. मग माझ्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा मागून कंबरपट्ट्यावर आपल्या मापाशी एक टाका घातला, भार घेणाऱ्या शिवणीला सुई न लावता, मोकळ्या टोकावर. माझ्या मापाशी निळा घातला.

दुपार कलल्यावर ते पहिल्या बेचक्यापर्यंत चढले. दोर बुंध्याजवळ टाकला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढली, आणि हळूहळू वजन त्यावर सोडलं. डावा हात वरच्या फांदीवर होता, सवयीने. तो तिथेच राहिला, बराच वेळ. खालून मी आकडी वर दिली. त्यांनी ती उजव्या हातात घेतली, थांबले, मग डावा हात फांदीवरून काढला आणि तोही आकडीवर ठेवला. फांदी हलली. बोटकं खडखडत ताडपत्रीवर पडू लागली, आणि मी वेचायला वाकले.